रामटेक, नगरधन आणि वाकाटकांची राजमाता

श्रोतेहो, रामटेक पाहिले नाही असा मनुष्य या सभेत विरळाच असेल. लहानपणी वडील माणसांचे बोट धरून कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला, पुढे शाळेच्या सहलीबरोबर, आणि त्याहीपुढे घरी पाहुणे आले म्हणून, असे आपण सारे तेथे जाऊन आलेले आहोत. जाण्याचा शिरस्ताही ठरलेला आहे. नागपुराहून जबलपूरच्या रस्त्याने निघावे, मनसरला उजव्या हाताला वळावे, अंबाळ्याच्या तळ्यावर पाय धुवावे, पायऱ्या चढून जावे, वानरांपासून हातातला प्रसाद सांभाळावा, रामलक्ष्मणांचे दर्शन घ्यावे, तटावरून चहूकडे नजर टाकावी आणि खाली यावे. इतके झाले की रामटेक झाले, असे आपण समजतो.

आमचे म्हणणे असे आहे की, इतक्याने निम्मे रामटेकही होत नाही. रामटेकची टेकडी, तिच्या पश्चिमेचे मनसर आणि दक्षिणेला सहा-सात किलोमीटरांवर सूर नदीच्या खोऱ्यात वसलेले नगरधन हे लहानसे गाव, या तिन्ही जागा मिळून एकच स्थळ होते. दीड हजार वर्षांपूर्वी येथे एका मोठ्या राज्याची राजधानी होती आणि काही काळ त्या राज्याचा कारभार एका स्त्रीच्या हाती होता. रामाचे नाव या टेकडीला आहे, कालिदासाचे नाव तिच्याशी जोडले गेले आहे. परंतु लेखी पुराव्याने जिची या स्थळाशी गाठ बसते असे सर्वांत जुने माणूस ती स्त्री आहे. तिचे नाव प्रभावतीगुप्ता. यात्रेच्या गर्दीत तिचे नाव कोणी घेत नाही, यात्रेकरूंचा त्यात दोष नाही. त्यांना ते कोणी सांगितलेलेच नाही.

प्रथम पाण्याविषयी दोन शब्द, कारण जुन्या वस्तीची चौकशी पाण्यापासूनच करावी लागते. सूर ही काही गोदावरी-कृष्णेसारखी नाव मिळवलेली नदी नव्हे. रामटेकच्या आसपासच्या डोंगरांतून ती निघते आणि पुढे वैनगंगेला मिळते. इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिला बांध घालून खिंडसीचा तलाव केला. आज सुटीच्या दिवशी नावेत बसण्यासाठी लोक तेथे जातात ते हेच पाणी. रामटेकचे पानमळे प्रसिद्ध होते. बरई लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. विड्याच्या पानाचा वेल हे मोठे नाजूक प्रकरण असते. त्याला ऊन सोसत नाही, पाणी थांबलेले चालत नाही आणि कमी पडलेलेही चालत नाही. अशा वेलीला धरणारी भूमी राजधानीला धरून राहिली यात नवल नाही. टेकडीवर देव, सपाटीवर शेती आणि बाजार, आणि जवळून उत्तरेकडे नर्मदेच्या बाजूला जाणारी वाट. वाकाटकांनी जागा विचार करून निवडली होती.

या जागेचे नाव नंदिवर्धन. नगरधन हा त्याचाच झिजलेला अवशेष होय. वाकाटक घराण्याच्या दोन मुख्य शाखा होत्या. एकीची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, दुसरीची नंदिवर्धन. अजिंठ्याची काही सुंदर लेणी वत्सगुल्म शाखेच्या काळात कोरली गेली, त्यामुळे त्या शाखेचे नाव जगभर झाले. नंदिवर्धनाच्या शाखेने मागे ठेवले ते विटांचे, मातीचे आणि तांब्याचे; ते जमिनीत गेले आणि पुष्कळ काळ तेथेच राहिले.

चौथ्या शतकाच्या अखेरीस या शाखेचा राजा दुसरा रुद्रसेन याचा विवाह गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याच्या मुलीशी झाला. उत्तरेतील सर्वांत बलाढ्य सम्राटाची ही मुलगी. तिची आई कुबेरनागा नागकुळातली. सासरी आल्यावर फार दिवस गेले नाहीत तोच रुद्रसेन वारला. मुले लहान होती. वडील मुलगा दिवाकरसेन याच्या नावाने प्रभावतीने राज्य चालवायला घेतले, आणि ते दोन-चार वर्षांपुरते नव्हे. तिचा जो पहिला ताम्रपट आपल्या हाती आहे तो कारभाराच्या तेराव्या वर्षाचा असून त्यातही दिवाकरसेन युवराजच आहे. तो गादीवर बसलेला दिसत नाही. पुढे राज्य केले ते तिच्या दुसऱ्या मुलाने, प्रवरसेनाने.

हा ताम्रपट पुण्यात उजेडात आला म्हणून त्याला पुणे ताम्रपट म्हणतात. पण तो दिला गेला नंदिवर्धनाहून. कार्तिक शुद्ध द्वादशीला, म्हणजे प्रबोधिनी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, भगवंताच्या पायांशी निवेदन करून तिने एका आचार्याला गाव दान केले. रामटेकची यात्रा आजही त्याच पंधरवड्यात भरते. ह्या दोहोंचा धागा अखंड आहे असे ठासून म्हणण्याइतका पुरावा आमच्यापाशी नाही, परंतु योग मोठा विलक्षण आहे खरा.

त्या ताम्रपटात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, वाकाटकांच्या राणीने दिलेल्या या दानलेखात वंशावळ आहे ती गुप्तांची. चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, पुन्हा चंद्रगुप्त, अशी आपल्या माहेरची पिढी ती मोजते. गोत्रही पित्याचेच, धारण, सांगते. सासरचे नाव येते ते ती रुद्रसेनाची अग्रमहिषी म्हणून. आज लग्नानंतर मुलीने नाव कोणते लावावे यावर घरोघर वाद होतात आणि दोन्ही पक्ष परंपरेचा हवाला देतात. त्यांनी हा ताम्रपट एकदा पाहावा. परंपरा एका रंगाची कधीच नव्हती.

दुसरी गोष्ट मुद्रेची. ताम्रपटाला अडकवलेल्या मुद्रेवर चार चरणांचा लेख असतो आणि त्यावरून आज्ञा कोणाची ते कळते. पुणे ताम्रपटाच्या मुद्रेवर असे लिहिले आहे की, वाकाटकांचे भूषण असलेल्या युवराजाच्या जननीची ही आज्ञा. राज्य करणाऱ्या स्त्रीचे नाव त्या मुद्रेवर नाहीच. आत लेखात नाव आहे, वंश आहे, गोत्र आहे. पण जी खूण पाहून अधिकाऱ्यांनी माना लववायच्या त्या खुणेवर ती कोणाची तरी आई आहे. अधिकार तिचा, पण तो मुलाच्या नावावर उसना घेतलेला.

ह्यावरून काही इतिहासकारांनी असा ग्रह करून घेतला की, प्रभावती ही बापाच्या तंत्राने चालणारी होती आणि तिच्या कारकिर्दीत वाकाटकांचे राज्य म्हणजे पाटलिपुत्राचे एक खाते झाले होते. चंद्रगुप्ताला पश्चिमेच्या क्षत्रपांशी झुंजायचे होते, पाठीशी दक्षिणेत मित्र हवा होता, म्हणून त्याने मुलगी दिली, हे खरे असेल. राजघराण्यांतले विवाह हौसेने होत नसतात. परंतु ज्या बाईने पती गेल्यावर निदान तेरा वर्षे राज्य सांभाळून मुलाच्या हाती ते अभंग दिले, आणि ज्या मुलाने पुढे दीर्घकाळ राज्य केले, तिला नुसती बापाची हस्तक म्हणणे आम्हांला न्यायाचे वाटत नाही. एखाद्या विधुर राजाने असे राज्य राखले असते तर त्याला आपण मुत्सद्दी म्हटले असते.

तिचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा. रिद्धपूर हे नाव आपल्याला परिचित आहे ते गोविंदप्रभूंमुळे. चक्रधरस्वामी घरून निघाले तेही रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून आणि वाटेत रिद्धपूरला थांबले ते गोविंदप्रभूंपाशी, ही कथा महानुभाव परंपरेत प्रसिद्धच आहे. रामटेकची यात्रा तेराव्या शतकात दूरदूरच्या लोकांना ठाऊक होती, एवढे त्यावरून दिसते. पण ताम्रपट त्याच्या आठशे वर्षे आधीचा. प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला हा दानलेख रामगिरिस्वामीच्या पायांपासून दिला गेला असे त्यात म्हटले आहे. मुलगा राज्य करीत आहे, आई वयोवृद्ध झालेली आहे, आणि तरी ती स्वतःच्या अधिकारात दान देते. तेही राजधानीतून नव्हे, टेकडीवरच्या देवापाशी बसून.

‘रामगिरिस्वामी’ या एका शब्दाने मोठा वाद निकालाच्या जवळ नेला. मेघदूतातील यक्षाचा रामगिरी कोणता, हा प्रश्न पंडितांत फार दिवस गाजत होता. मल्लिनाथाने चित्रकूट सांगितला; काहींनी आजच्या छत्तीसगडातील सरगुजाकडचा रामगड सुचविला. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी रामटेकचा पक्ष धरला. वाकाटकांचे कोरीव लेख एकत्र करून त्यांनी सिद्ध केलेला ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्या कामात आयुष्य घालविलेल्या या विद्वानाचा आधार साधा होता: वाकाटकांच्या राज्यात राजधानीजवळ रामगिरी नावाचे पूजास्थान पाचव्या शतकात होते, हे ताम्रपट सांगतो. कालिदास चंद्रगुप्ताच्या आश्रयाला होता आणि तो काही काळ मुलीच्या या राजधानीत राहिला असावा, हा त्यांचा तर्क. तर्काचा भाग बाजूला ठेवला तरी रामगिरी हे नाव येथे काव्याच्या आधाराविना उभे राहते, हे महत्त्वाचे. आता रामटेकला कालिदासाचे स्मारक आहे, आणि १९९७ पासून कविकुलगुरूंच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालयही आहे. स्मारके व्हावीत. पण ज्या ताम्रपटाने कवीला ही टेकडी मिळवून दिली, तो ताम्रपट देणारीचीही आठवण ठेवायला हरकत नव्हती.

आता टेकडीवर पुन्हा चढू या. या वेळी राममंदिराकडे धाव न घेता वाटेत थांबायचे आहे. गावापासून सुमारे ५०० फूट उंचीची ही टेकडी. तिचा दगड तांबूस, म्हणून तिला सिंदूरगिरी असेही म्हणत. पायऱ्या, तट, वराह, सिंगपूर, भैरव आणि गोकुळ असे एकामागून एक दरवाजे, यांतून आपण आत जातो. तटबंदीचा आणि मुख्य देवळांचा आजचा थाट पुष्कळसा नागपूरकर भोसल्यांच्या काळातला आहे. पहिल्या रघूजीराजांनी या स्थानाचा उद्धार केला. लक्ष्मणाच्या देवळात यादव रामचंद्राच्या काळचा लेख आहे आणि त्यात येथील तीर्थांचे वर्णन आहे. शंबूकाच्या नावाने ओळखले जाणारे धूम्रेश्वराचे स्थानही टेकडीवर आहे. हे सारे पाहण्याजोगे आहे. पण आपल्याला त्याहून जुने पाहायचे आहे.

राममंदिराच्या खालच्या अंगाला दोन ठेंगणी, चौकोनी, सपाट माथ्याची देवळे आहेत. शिखर नाही, झगमगाट नाही. एकात रुद्रनरसिंह, दुसऱ्यात केवलनरसिंह. तांबूस दगडाची ही मूर्ती बैठी, रुंद खांद्यांची, हातात चक्र घेतलेली. आणि मांडीवर हिरण्यकशिपू नाही. फाडणारा नव्हे, नुसता बसलेला नरसिंह. वराहाची प्रचंड पशुरूप मूर्तीही याच काळातली, आणि त्रिविक्रमाचे भग्नावशेषही. महाराष्ट्रात आज उभी असलेली जी अगदी जुनी बांधीव देवळे आहेत त्यांत यांची गणना होते.

केवलनरसिंहाच्या या देवळात १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी एक गोष्ट घडली. भिंतीवरचा चुना निघाला आणि खाली अक्षरे दिसली. डोक्यावर चौकोनी पेटी असलेली, वाकाटकांच्या लेखांत नेहमी आढळणारी ब्राह्मी अक्षरे. कित्येक शतके देवदर्शनाला येणारे त्या भिंतीला हात टेकून गेले असतील. मिराशींच्या ग्रंथात हा लेख नाही, कारण तो चुन्याखाली होता. लेख फार झिजलेला आहे, ओळींचे तुकडे गेले आहेत आणि उरलेल्याच्या अर्थाविषयी पंडितांत एकमत नाही. डॉ. हान्स बॅकर या डच विद्वानाने आणि इतरांनी त्यावर बरेच परिश्रम केले. त्यांच्या वाचनाप्रमाणे हा लेख प्रभावतीच्या मुलीचा. तिने आईच्या पुण्यासाठी येथे देवाची स्थापना केली आणि देवाला नाव दिले ते आईचे: प्रभावतिस्वामी. सुदर्शन नावाच्या तळ्याचाही उल्लेख लेखात आहे.

राजाच्या नावावरून शिवलिंगाला अमुकेश्वर म्हणण्याची चाल आपल्याला माहीत आहे. येथे एका राणीचे नाव देवाला मिळाले आणि ते देणारी तिची मुलगी होती. मग भिंतीवर चुना चढत गेला, लोक देवाला नरसिंह एवढेच म्हणू लागले. कोणी मुद्दाम नाव पुसले असे आम्ही म्हणत नाही. देवळाची डागडुजी भक्तीनेच होते, आणि भक्तीने लावलेल्या चुन्याखाली गेलेला इतिहास महाराष्ट्रात थोडाथोडका नाही.

तटावरून पश्चिमेकडे पाहिले की मनसर दिसते. तेथे मँगनीजच्या खाणी आहेत, महामार्गावर मालमोटारींची रीघ आहे. आपण तेथे चहाला थांबतो आणि पुढे जातो. त्या रस्त्यालगतच हिडिंबा टेकडी आहे. १९७२ साली मनसरला शिवाची एक अप्रतिम मूर्ती मिळाली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९९७ नंतर जगत्पती जोशी आणि अ. कृ. शर्मा यांच्या देखरेखीखाली तेथे मोठे उत्खनन झाले आणि विटांच्या भव्य शिवमंदिराचे अवशेष निघाले. ‘प्रवरेश्वर’ असे नाव असलेली मातीची मुद्राही मिळाली. त्यावरून प्रवरसेनाची नवी राजधानी प्रवरपूर ती येथेच, असे अनेक अभ्यासक आता मानतात. मिराशींनी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार असे ठरविले होते. विद्या अशीच पुढे जाते.

आई विष्णुभक्त, नवरा रुद्रसेनही चक्रपाणीचा भक्त, आणि मुलगा आपल्या लेखांत स्वतःला शंभूच्या कृपेने राज्य करणारा म्हणवितो. आईचे देव या टेकडीवर, मुलाचा देव समोरच्या टेकडीवर. दोन्ही एकमेकांना दिसतील इतक्या अंतरावर. घरात कुरबूर झाली असेल का? असेलही. पण ज्या प्रवरसेनाने शिवाचे देऊळ उभारले, त्यानेच ‘सेतुबंध’ हे काव्य रचले, आणि त्याचा विषय रामाने समुद्रावर बांधलेला सेतू. तेही संस्कृतात नव्हे, महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजेच्या भाषेत. आईच्या रामगिरीची छाया त्या काव्यावर पडली असेल असे मानण्याचा मोह आम्हांला आवरत नाही; पुराव्याचा शब्द म्हणून मात्र ते कोणी घेऊ नये. नगरधनाजवळच्या हमलापुरीला बुद्धाच्या कांस्यमूर्ती मिळाल्या आहेत, हेही येथे सांगून ठेवतो. विष्णू, शिव आणि बुद्ध एवढ्या टापूत शेजारी नांदत होते.

नगरधनला आम्ही रामटेकहून सकाळी गेलो. सपाट रस्ता, दोहों बाजूंस शेते, मागे वळून पाहिले की टेकडी आणि तिच्यावरची शिखरे. गाव साधे आहे. यात्रेकरू येथे येत नाही, कारण पाहायला लावील असे काही उंच उभे नाही. किल्ला आहे, त्याचे आजचे रूप भोसलेकाळातले मानतात, आणि आत खाली उतरून जावे लागते असे देवीचे स्थान आहे. मुले आम्हांला किल्लाच दाखवायला निघाली. आम्ही पांढरी विचारली तेव्हा त्यांना नवल वाटले. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढर म्हणतात; तिची माती भिंतींना आणि धाब्याला चांगली, म्हणून गावोगाव ती खणून नेतात. किती राजधान्या अशा भिंतींत लिंपल्या गेल्या असतील!

याच नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात राज्याच्या पुरातत्त्व विभागाने आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मिळून उत्खनन केले. मोठ्या बांधकामाचा भाग लागला, तो कारभाराच्या इमारतीचा असावा असे उत्खनन करणाऱ्यांना वाटते. खापरे, मणी, जनावरांची हाडे असा नेहमीचा ऐवज निघाला आणि गणपतीची मूर्ती निघाली. आणि त्या बांधकामाच्या एका भिंतीच्या माथ्यावर मातीचा एक लंबगोल ठसा सापडला. लांबी ३५ मिलिमीटरांहून किंचित अधिक, वजन ६.४० ग्रॅम, सुपारीएवढाही जड नाही. त्यावर शंख आहे, आणि ब्राह्मी अक्षरांत नाव आहे: प्रभावतीगुप्ता. २०२० साली ही बातमी वर्तमानपत्रांतून आली आणि दुसऱ्या दिवशी विसरली गेली.

पुणे ताम्रपटाच्या मुद्रेवर युवराजाची जननी होती. या ठशावर ती स्वतः आहे. शंख तिच्या देवाचा, अक्षरे तिच्या नावाची. मातीचा ठसा म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. पत्र किंवा गाठोडे दोरीने बांधावे, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबावा आणि त्यावर मुद्रा उठवावी. माती वाळली की गाठ सोडल्याशिवाय आतले पाहता येत नाही, आणि गाठ सोडली की ठसा फुटतो किंवा गळून पडतो. ताम्रपट पिढ्यान्‌पिढ्या टिकावा म्हणून लिहितात. ठसा टिकण्यासाठी नसतो. तो रोजच्या कारभाराचा. म्हणून आमच्या मते त्याचे मोल अधिक. तांब्यावरची भाषा पंडितांनी बेतलेली असते, तेथे राणीने युवराजाच्या आड उभे राहायचे असते. पण ज्या कारकुनाला ते गाठोडे उघडायचे होते, त्याला कोणाच्या आज्ञेने उघडायचे हे पुरते ठाऊक होते, आणि मुद्रा तेच सांगत होती. एकाच ठशावरून फार मोठे इमले बांधू नयेत, हे आम्हीही जाणतो. तो तिच्या कारभाराच्या पहिल्या वर्षांतला की उत्तर वयातला, हे त्या मातीवर लिहिलेले नाही. परंतु तिच्या नावाने हुकूम निघत होते आणि ते नंदिवर्धनात पाळले जात होते, एवढे त्या सव्वासहा-साडेसहा ग्रॅम मातीने पक्के केले.

तेव्हा पुढच्या खेपेस रामटेकला जाल तेव्हा अर्धा दिवस जास्तीचा काढा. अंबाळ्याच्या पायऱ्यांनी चढा; केवलनरसिंहापाशी थांबून झिजलेला लेख पाहा; मनसरची टेकडी पाहा आणि मग नगरधनला जा. तेथे उत्खनन झाले ते जुन्या वस्तीच्या थोड्या भागाचे. उरलेले नंदिवर्धन आजच्या घरांखाली आणि शेतांखाली आहे. नांगराच्या फाळाला वीट लागली तर शेतकरी ती बांधावर काढून ठेवतो. त्या विटा आम्ही हातात घेऊन पाहिल्या, रुंद आणि जड आहेत, आणि पुन्हा होत्या तेथेच ठेवल्या.